जुनं शहर बघताय? आधी तटबंदीवर चढा

कुठल्याही ऐतिहासिक शहरात गेलं की आपण लगेच म्युझियमच्या लाइनीत उभे राहतो, पण मी सांगेन तिथली जुनी तटबंदी शाबूत असेल तर पहिल्याच दिवशी सकाळी तिच्यावरून चाला, कारण वरून गल्ल्या, मुख्य चौक, घंटाघर सगळं कसं जोडलंय ते एकदा कळलं की नंतर मॅप फारसा लागतच नाही.

क्रोएशियातल्या डुब्रोवनिकची तटबंदी साधारण १९४० मीटर आहे, फिरायला दीड-दोन तास धरा, पण वर सावली जवळपास नाही त्यामुळे गेट उघडताच जा आणि पाणी जवळ ठेवा, उन्हाळ्यात दुपारी तर अजिबात नको. इंग्लंडमधल्या यॉर्कला तिकीटच नाही! आणि वेळ कमी असेल तर बूथम बार ते मंक बार (तिथे ‘बार’ म्हणजे तटबंदीचे जुने दरवाजे) एवढाच भाग करा, मिन्स्टर कॅथेड्रल इतकं सुंदर दिसतं ना, मी तर थांबत थांबतच चालले. चीनमधल्या शीआनची जवळपास १४ किमी आहे, तिथे सरळ वरतीच भाड्याने सायकल घ्या.

आणि हो, शूज चांगल्या ग्रिपचे घाला, जुने दगड पावसात फार निसरडे होतात.