अर्धा किलो कुरोड्या आणि तीन किलोची पावती

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातून वायगावची हळद, मुंगवड्या, ज्वारीचे पापड, कुरोड्या (कुरडया) असा माल आता पुण्या-मुंबईला घरपोच जातो. माल बचत गटातल्या बाया करतात. फोटो काढणं, ॲपवर माहिती भरणं, ऑर्डरी आणि तक्रारी पाहणं हे माझ्याकडे असतं. या कामात नव्यानं आलेल्या पोरापोरींना धास्ती असते ती चवीच्या तक्रारीची. ती क्वचित येते. नेहमी येते ती 'माल कमी आला' ही तक्रार, आणि बहुतेक वेळा माल काट्यावर बरोबर भरलेला असतो. आपण लिहिलेलं दोन तऱ्हेनं वाचता येत होतं, एवढीच गोम असते.

साधं उदाहरण घ्या. 'वायगाव हळद पावडर, २५० ग्रॅम, पॅक ऑफ ४'. आपल्याला स्पष्ट दिसतं की पाव किलोची चार पाकिटं. गिऱ्हाइकाला मात्र प्रश्न पडतो, की चार मिळून पाव किलो का? आणि ज्याला प्रश्न पडत नाही तो जास्त त्रासाचा, कारण तो मनानं काहीतरी धरून पैसे भरून मोकळा होतो. म्हणून नावातच लिहायचं : '२५० ग्रॅमची ४ पाकिटं, एकूण १ किलो'. लांबलचक दिसतं, दिसू द्या. 'पॅक', 'सेट', 'कॉम्बो' हे शब्द एकटे कधीच सोडायचे नाहीत. त्यांच्या मागे नग आणि वजन आलंच पाहिजे.

ॲपवर 'निव्वळ वजन' आणि 'नग' असे दोन वेगळे रकाने असतात, तिथं आणखी एक खोच आहे. काही ॲप त्या रकान्यांवरून किलोचा भाव आपोआप काढून दाखवतात. चार पाकिटांचे मिळून ४०० रुपये लावले आणि निव्वळ वजनात नुसते २५० ग्रॅम भरले, तर आपली ४०० रुपये किलोची हळद १६०० रुपये किलो दिसते. गिऱ्हाईक वरच्यावर निघून जातं आणि आपण म्हणतो, ऑर्डर का येत नाही बापा! उलट वजनात १ किलो आणि नगात ४ भरले, की चार किलोची अपेक्षा घेऊन बसलेला माणूस एक किलोचं पार्सल उघडतो. त्या ॲपवर वजनाचा रकाना एका पाकिटाचं वजन मागतो की एकूण, हे भरण्याआधी त्यांच्या मदतीच्या पानावर वाचून घ्या. प्रत्येक ठिकाणी पद्धत वेगळी असते.

फोटोचं तसंच. लोक आधी फोटो पाहतात आणि अक्षरं नंतर वाचतात, तीही वाचली तर. जवसाच्या चटणीच्या तीन बरण्या शेजारी शेजारी मांडल्या की फोटो झकास येतो, पण विकायची एकच असेल तर फोटोतही एकच ठेवा. बाजूला वाटीत चटणी, खाली सूप, सुपात लसूण हे सजावटीला ठीक आहे, पण पहिल्या फोटोत नको. 'फोटोत वाटी होती, ती कुठाय?' असं विचारणारी माणसं खरंच असतात. पहिला फोटो म्हणजे पार्सलमधून हातात जे पडणार तेवढंच. दुसऱ्या फोटोत पाकीट काट्यावर ठेवून आकडा दिसू द्या, म्हणजे आकाराचाही अंदाज येतो. पावशेर मुंगवड्यांचं पाकीट केवढं असतं हे शहरातल्या माणसाला कसं कळावं?

आता पापड. गटातल्या एका मावशींचं म्हणणं, पापड नगावरच विकावे, आपल्याकडे सगळे पापड मोजूनच देतात. गावात ते ठीक आहे. ऑनलाइनमध्ये वाटेत चार पापड मोडतात आणि गिऱ्हाईक मोजायला बसलं, की तुकड्यांचा पापड धरायचा कसा यावर वाद. म्हणून पापड, कुरोड्या, सरगुंडे (काडीवर गुंडाळून वाळवलेल्या गव्हाच्या शेवया) वजनावर विकायचे. नागपुरी संत्र्याच्या पेटीचं उलटं. फळ वाटेत सुकतं, वजन उतरतं, पण ३० संत्री घातली तर ३० च निघतात. तिथं नगांचा शब्द द्यावा. माझा ठोकताळा असा, की वजन आणि नग दोन्ही सांगावेत, पण बांधील एकालाच राहावं, आणि कोणत्याला हे लिहून टाकावं : 'विक्री वजनावर. ५०० ग्रॅममध्ये साधारण इतके पापड बसतात, लाटण्याप्रमाणे एखाद-दुसरा कमी-जास्त.'

मात्र हे 'साधारण' पाकिटावरच्या निव्वळ वजनाला चिकटवायचं नाही. पॅकबंद मालाचे २०११ चे वैधमापन (म्हणजे वजन-मापांचे) नियम आहेत. त्यांत निव्वळ वजनाला 'सुमारे', 'अंदाजे', 'किमान' असे शब्द जोडायला मनाई आहे. निव्वळ म्हणजे पिशवी, बरणी, झाकण वगळून. ॲपवर विकतानाही निव्वळ वजन, एमआरपी, माल बनवणाऱ्याचं नाव-पत्ता ही माहिती दाखवावी लागते. ही अट २०१८ पासून आहे. एकक किलो, ग्रॅम, लिटर हेच. पायली, शेर, कुडव ही जुनी मापं घरात ठेवा. पायली हे भरायचं माप आहे, तोलायचं नाही. पायलीभर तूर आणि पायलीभर पोहे यांचं वजन काही एक होत नाही. शीग लावून, म्हणजे वर ढीग येईल अशी भरली तर आणखी वेगळं. आमचे काही जुने गिऱ्हाईक अजूनही 'एक पायली डाळ पाठव' म्हणतात, तेव्हा मी किलोत उत्तर देतो आणि होकार येईपर्यंत थांबतो.

काटाही धड हवा. स्वयंपाकघरातला छोटा काटा लाडवांचं साहित्य मोजायला चांगला, विक्रीला नाही. विक्रीचा इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन विभागाकडून दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. आणि वाळवण पुरतं वाळल्याशिवाय पाकीट भरू नका. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पण 'वरून कडक, आतून ओली' मुंगवडी तरीही असते. अशा ओल्या मालाची, भरताना ५०० ग्रॅम असलेली पिशवी नीट बंद झालेली नसेल तर महिन्यानं काट्यावर तेवढीच भरेल याची खात्री नाही.

शीर्षकात म्हटलेली तीन किलोची पावती आता सांगतो, कारण हा वाद नव्या माणसाला चक्रावून टाकतो. कुरिअरवाले पार्सलचं नुसतं वजन धरत नाहीत, त्यानं अडवलेली जागाही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर भाडं त्याचं. कुरोड्या मोडू नयेत म्हणून ३० बाय २५ बाय २० चा खोका घेतला, तर हिशेब ३ किलोचा होतो. आत माल अर्धा किलो. बाहेरच्या चिठ्ठीवर '३ किलो' पाहून गिऱ्हाईक आतला माल तोलतं आणि थेट 'अडीच किलो गायब' अशी तक्रार टाकतं. यावर उपाय म्हणजे खोक्यात वरच एक चिठ्ठी : 'आत ५०० ग्रॅमचं १ पाकीट आहे. बाहेरचं वजन कुरिअरच्या भाड्यासाठी, खोक्याच्या आकारावरून काढलेलं आहे.' जमेल तिथं खोका लहान करा, भाडंही वाचतं.

व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरींत गोंधळ सगळ्यात जास्त. 'दादा, हळद दोन पाठवा.' दोन काय? किलो का पाकिटं? विचारायला लाजू नका, पण नुसता प्रश्नही टाकू नका, कारण 'हो हो, नेहमीचंच' असं उत्तर येतं. आपणच पूर्ण वाक्य लिहून पाठवायचं : '२५० ग्रॅमची २ पाकिटं, एकूण अर्धा किलो, २०० रुपये. बरोबर ना?' त्यावर 'हो' आलं की मगच पैशाचा क्यूआर.

एवढं करूनही तक्रार आलीच, तर पहिल्या उत्तरात हिशेब मांडत बसू नका. पाकिटाचा आणि बाहेरच्या चिठ्ठीचा फोटो मागा, आपल्याकडचा पॅकिंगचा व्हिडिओ काढा. व्हिडिओ एकसंध हवा : काट्यावर पाकीट, आकडा दिसतोय, नग मोजले, खोका बंद, पत्ता चिकटवला. मध्ये तोडलेला व्हिडिओ कुणी मानत नाही. आणि वर्णन खरंच दोन अर्थांचं असेल तर माल पुरा करून द्या किंवा पैसे परत करा. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात. शिवाय पावशेर चटणी मुंबईहून गावात परत मागवायला भाडं चटणीहून जास्त बसतं. व्हिडिओत सगळं चोख दिसत असेल तर मात्र शांतपणे तो पाठवा आणि ठाम राहा. 'असू दे, पुढच्या वेळी मूठभर जास्त टाकू' हे गटातलं आवडतं उत्तर मला पटत नाही. मूठभर जास्त मिळालं म्हणून चार किलोची वाट पाहणारा खूश होत नाही.

पाकिटाचं वजन बदललं, म्हणजे ५०० चं ४०० ग्रॅम केलं, तर जुन्याच पानावर आकडा खोडून नवा टाकू नका. खाली जुने अभिप्राय तसेच राहतात : 'या भावात अर्धा किलो, मस्त!' नवा गिऱ्हाईक ते वाचून ऑर्डर देतो. नवं पान उघडा आणि जुन्यावरचा माल शून्य करून टाका. अभिप्राय जातात म्हणून जीवावर येतं, पण इलाज नाही.