नोकरी गेली तर: साठ दिवसांचा खरा हिशेब

एच-१बीवर (कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर) अमेरिकेत नव्याने आलेल्यांनी हे नोकरी शाबूत असतानाच वाचावं. लेऑफचा मेल आला की पायाखालची जमीन सरकते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात माणसं घर सोडतात, तिकिटं काढतात, समोर येईल त्या कागदावर सही करतात. बँक, लायसन्स, किराणा याबद्दल सांगणारे इथे पुष्कळ भेटतात, म्हणून ते सोडून देतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक एकच आहे: साठ दिवस चुकीच्या तारखेपासून मोजणं. नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस इथे राहता येतं, हा नियम जानेवारी २०१७ पासून आहे. आय-९४ (इथे कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारी सरकारी नोंद) त्याआधी संपत असेल तर मुदत तिथेच संपते. मोजणी सुरू होते ती साधारणपणे ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सेव्हरन्सचे (नोकरी जाताना कंपनी देते त्या पैशांचे) तीन महिने मिळाले म्हणून मुदत तीन महिन्यांनी पुढे जात नाही. पुन्हा सांगतो, सेव्हरन्सने एक दिवसही वाढत नाही. काही कंपन्या काम काढून घेऊन माणसाला महिना-दोन महिने पगारपत्रकावर ठेवतात. त्या काळाबद्दल वकिलांमध्येच एकमत नाही, म्हणून आपण लवकरची तारीख धरावी. एचआरकडून नोकरी संपल्याची तारीख लेखी घ्या. फोनवरचं बोलणं उपयोगाचं नाही.

आता हिशेब मांडून बघा. शेवटचा पगारी दिवस ३ मार्च असेल, तर ४ मार्च हा पहिला दिवस आणि २ मे हा साठावा. इथे राहायचं तर नव्या कंपनीने तुमच्यासाठी केलेला एच-१बीचा अर्ज त्या दिवसापर्यंत इमिग्रेशन खात्याच्या हातात पडलेला हवा, नुसता कुरिअरला दिलेला चालत नाही. शनिवार-रविवारची भानगड नको म्हणून ३० एप्रिल धरा. अर्जाआधी कामगार खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दलचा कंपनीचा अर्ज) मंजूर व्हावा लागतो, त्याला कामाचे ७ दिवस जातात. म्हणजे तो १७ एप्रिलच्या सुमारास दाखल व्हायला हवा. त्याच्याआधी कंपनीच्या वकिलाला कागद गोळा करायला एक आठवडा द्या. सरकत सरकत आपण १० एप्रिलवर आलो, म्हणजे अडतिसाव्या दिवसावर. नोकरी शोधायला हातात साठ नाहीत, अडतीस दिवस आहेत. ही तारीख कागदावर लिहून फ्रिजवर लावा. अर्ज पोचला की नव्या कंपनीत काम सुरू करता येतं, मंजुरीसाठी थांबावं लागत नाही.

अडतिसावा दिवस उलटला आणि हातात लेखी ऑफर नसेल, तर त्याच दिवशी दुसरी वाट तयार करायला घ्या. नवरा-बायको दोघंही आपापल्या एच-१बीवर असतील तर नोकरी गेलेल्याने एच-४वर (जोडीदाराच्या आधाराने राहण्याच्या व्हिसावर) जाणं सगळ्यात सोपं. एच-१बीच्या कमाल सहा वर्षांतला उरलेला काळ त्यामुळे वाया जात नाही. ती सोय नसेल तर आय-५३९ हा स्टेटस बदलण्याचा फॉर्म भरून बी-२, म्हणजे पाहुण्याचं स्टेटस, मागता येतं. मात्र त्यानंतर नवी ऑफर आली, तर एच-१बी मंजूर होऊन स्टेटस बदलेपर्यंत काम सुरू करता येत नाही, हे नव्या कंपनीला आधीच स्पष्ट सांगा. या मधल्या काळात ऊबर चालवणं नाही, ओळखीच्या दुकानात रोखीने काम नाही. जोडीदाराचं एच-४ आणि त्यावरचं वर्क परमिटही तुमच्याच स्टेटसला बांधलेलं आहे, हे बरेच जण विसरतात.

'चार दिवस घरी जाऊन येतो, डोकं शांत होईल' हा सल्ला आई-वडील प्रेमाने देतात. तो सध्या घातक आहे. देशाबाहेर पाऊल टाकलं की ते साठ दिवस संपले. शिवाय २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर लावले. इथेच राहून कंपनी बदलणाऱ्याला ते लागू नव्हते. घोषणा मुळात १२ महिन्यांची होती, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या दिवशीची स्थिती वकिलाला विचारा. वकील स्वतःचा हवा, कंपनीचा वकील कंपनीसाठी काम करतो.

आपल्याच लोकांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'पेरोलवर ठेवतो, पगाराचे पैसे तुम्हीच आम्हाला द्या' असं सांगणाऱ्या कन्सल्टन्सी मराठीत, तेलुगूत, हिंदीत गोड बोलतात. घाबरलेला माणूस त्यांचं गिऱ्हाईक असतं. हा कायद्याचा भंग आहे. काम असो वा नसो, एच-१बीवरच्या माणसाला पगार देणं मालकावर बंधनकारक आहे. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी त्या पेस्लिपा उघड्या पडतात तेव्हा ती कन्सल्टन्सी फोन उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा 'माझ्या मित्राचं असंच झालं, काही होत नाही' हा आधारही भरवशाच्या म्हशीला टोणगा.

सेव्हरन्सच्या करारावर त्याच दिवशी सही करू नका. वय ४० किंवा जास्त असेल आणि कंपनी तुमच्याकडून वयाच्या भेदभावाचे दावे सोडून घेत असेल, तर विचाराला किमान २१ दिवस, सामूहिक कपातीत ४५, आणि सहीनंतर ती मागे घ्यायला ७ दिवस द्यावेच लागतात. वय कमी असलं तरी एक आठवडा मागा, बहुतेक ठिकाणी मिळतो. कंपनीने एच-१बीची मुदत संपायच्या आधी काढलं तर तुमच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च देणं तिच्यावर आहे. कुटुंबाचा नाही.

आरोग्य विम्यात लोक घाईने पैसे घालवतात. कव्हर महिनाअखेरपर्यंत चालतं का ते आधी विचारा. कोब्रा (नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याची सोय) घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात, आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणून नोटीस जपून ठेवा, तारीख लिहा आणि थांबा. पन्नासाव्या दिवशी पोराचा हात मोडला तरी तेव्हा घेता येतो, मागचे हप्ते भरावे लागतात इतकंच. कंपनीचा वाटा जाऊन वर २ टक्क्यांपर्यंत शुल्क लागत असल्याने आकडा मोठा येतो. मार्केटप्लेसची, म्हणजे सरकारी विमा-बाजाराची, मुदतही ६० दिवसांचीच, पण तिथे मागची तारीख मिळत नाही.

४०१(के), म्हणजे कंपनीमार्फतचं निवृत्तीचं खातं, मोडू नका. साडेएकोणसाठ वर्षांआधी काढल्यास साधारणपणे कर आणि वर १० टक्के दंड.

आय-१४० (कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर झालेला असेल, तर कंपनीने तो मागे घेतला तरी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख, सहसा तुमचीच राहते. त्याची प्रत मात्र आजच मागून ठेवा, कारण लेऑफच्या सकाळी लॅपटॉप बंद पडतो आणि मेलबॉक्सही जातो. सगळी आय-७९७ (मंजुरीची पत्रं), आय-९४, पेस्लिपा, डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), अनुभवपत्रं घरच्या फोल्डरमध्ये असू द्या.

परत जायचं ठरलं आणि मूल इथे जन्मलेलं असेल, तर त्याच्या अमेरिकन पासपोर्टसाठी १६ वर्षांखाली आई-वडील दोघांना हजर राहावं लागतं, नाहीतर गैरहजर असलेल्याची नोटरी केलेली संमती लागते, आणि ओसीआयला (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाच्या कार्डाला) आठवडे जातात. शाळेचे रिपोर्ट कार्ड आणि अपोस्टिल केलेला (परदेशात चालावा म्हणून सरकारने प्रमाणित केलेला) जन्मदाखला इथूनच घेऊन निघा. पुण्याला गेल्यावर तो मागवायचा म्हणजे महिने मोडतात, आणि तिथली बहुतेक शाळांची वर्षं जूनमध्ये सुरू होतात.