पंप, काटा आणि सिलिंडर : वजनमापे निरीक्षकासारखं कसं तपासायचं

मापात मारलं जातंय असा संशय आला की आपली नजर आधी आकड्यावर जाते. वैधमापनशास्त्र यंत्रणेचा निरीक्षक, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही 'वजनमापे खात्याचा माणूस', आधी सील बघतो. आकडा दुकानदाराच्या यंत्राचा असतो, सील सरकारचं असतं. आतला भाग बदलायचा तर बहुतेक वेळा त्या सीलची तार कापावी लागते, आणि कापलेली तार पुन्हा जोडली तरी खूण उरते.

वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्यानुसार व्यापारात वापरायचं प्रत्येक वजन, माप आणि काटा ठरावीक मुदतीत पडताळून मुद्रांकित, म्हणजे सरकारी शिक्का मारून, घ्यावा लागतो. लोखंडी वजनं, लिटरची मापं, मीटरपट्टी आणि दांडीचा तराजू यांची मुदत २४ महिन्यांची. इलेक्ट्रॉनिक काटा, पेट्रोल पंप आणि टँकर यांची १२ महिन्यांची. शिशावरच्या मुद्रेत तिमाहीचं रोमन अक्षर असतं: जानेवारी ते मार्चसाठी ए, मग क्रमाने बी, सी, डी. सोबत वर्षाचे शेवटचे दोन आकडे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर 'सी २४' दिसलं तर तो जुलै ते सप्टेंबर २०२४ मध्ये पडताळलेला आहे. २०२५ चा सप्टेंबर संपल्यावरही तीच मुद्रा असेल तर तो काटा वापरायला नको होता. पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. ते गल्ल्याच्या खणातून शोधून काढावं लागत असेल तर तारीख जरा नीट वाचा.

पेट्रोल पंपावर ५ लिटरचं शंकूच्या आकाराचं माप ठेवलेलं असतं आणि ग्राहक ते मागू शकतो. निरीक्षक पहिलं भरलेलं माप धरतच नाही. ते फक्त आतून ओलं करण्यासाठी असतं: भरायचं, ओतायचं, थेंब निथळू द्यायचे. कोरड्या मापाच्या भिंतींना इंधनाचा थर चिकटून राहतो, त्यामुळे पहिल्या वेळचा आकडा फसवा येतो. मग माप सपाट जागी ठेवून, पंप शून्यावर आणून बरोबर ५ लिटर सोडायचे. फेस बसू द्यायचा आणि मानेवरची पट्टी डोळ्यांच्या पातळीवर आणून वाचायची. वाकून वरून पाहिलं की वाचन चुकतंच. ५ लिटरला २५ मिलिलिटर कमी-जास्त चालतं, त्यापलीकडे कमी भरलं तर पंप बंद करून घेता येतो. तपासणी पूर्ण वेगाने आणि नळी अर्धवट दाबून अशी दोन्ही प्रकारे होते, कारण मीटरची झीज बऱ्याचदा कमी वेगातच उघडी पडते.

इथे एक बारकावा हमखास सुटतो. माप स्वतः मुद्रांकित आहे का, आणि त्याला पोचा आहे का, हेही बघा. पोचा पडलेल्या मापात इंधन कमी मावतं, म्हणजे कमी सोडूनही पातळी रेषेपर्यंत येते. पंपवाला बिनधास्तपणे 'घ्या तपासून' म्हणतो तेव्हा मापाची बाजू हाताने चाचपून पाहायला हरकत नाही.

पण ५ लिटरची चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे पंप स्वच्छ, असं नाही. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि पाठोपाठ महाराष्ट्रात पोलिसांच्या छाप्यांत पंपांच्या आत बसवलेल्या चिप सापडल्या. पंपात पल्सर नावाचा भाग असतो. मीटर जितका फिरेल तितके विजेचे ठोके तो कंट्रोल कार्डाला पाठवतो आणि त्या ठोक्यांवरून लिटर दिसतात. ठोके वाढवले की नळीतून कमी येतं आणि पडद्यावर पूर्ण दिसतं. अशी चिप रिमोटने बंद करता येते, त्यामुळे निरीक्षक दिसला की माप बरोबर. म्हणून संशयित पंपावर पथक तंत्रज्ञासोबत आतलं झाकण उघडतं, पल्सर आणि कार्डाचे क्रमांक नोंदींशी जुळवतं, सीलच्या तारेला जोड आहे का बघतं आणि टोटलायझरचा, म्हणजे आजवरची एकूण विक्री मोजणाऱ्या मीटरचा, आकडा टाकीतल्या साठ्याशी ताडून पाहतं. शंभरऐवजी एकशेदहाचं पेट्रोल मागितलं की चोरी टळते, हा सल्ला मोबाईलवर फिरत असतो. ठोकेच वाढवलेले असतील तर प्रत्येक लिटरमागे तूट येते, रक्कम कितीही सांगा.

किराणा-भाजीच्या काट्यावर आधी पाटी वाचा: कमाल क्षमता, किमान क्षमता आणि 'ई' म्हणजे आकडा ज्या टप्प्याने पुढे सरकतो तो एक टप्पा. ३० किलोच्या, ५ ग्रॅम टप्प्याच्या नेहमीच्या काट्यावर किमान वजन १०० ग्रॅम असतं. त्यावर ३० ग्रॅम वेलची तोलणं म्हणजे अंदाजाने देणंच. निरीक्षक प्रमाणित वजनं आधी मधोमध, मग चारही कोपऱ्यांत ठेवतो. कोपऱ्यागणिक आकडा बदलला तर आतली लोड सेल (वजन जाणणारा भाग) किंवा पारड्याची बैठक बिघडलेली असते. बिघाड आणि लबाडी वेगळ्या, पण ग्राहकाचं नुकसान सारखंच. दुकानदाराकडचं मुद्रांकित १ किलोचं वजन मागून काट्यावर ठेवायला सांगणं ही ग्राहकासाठी सर्वांत सोपी चाचणी. वजनाच्या तळाच्या खड्ड्यातलं शिसं आणि त्यावरची मुद्रा जागेवर आहे ना, तेही पाहा. शिसं काढलेलं वजन हलकं असतं.

मिठाईचा खोका माल म्हणून तोलणं ही सर्वांत उघड आणि सर्वांत खपवून घेतली जाणारी चोरी. रिकामा खोका आधी काट्यावर, मग टेअर (आकडा शून्यावर आणणारं बटण), मग पेढे. क्रम एवढाच.

पाकीटबंद मालावर निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. ५०० ग्रॅम ते १ किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट नियमात बसते. म्हणून १ किलो छापलेलं पण ९९० ग्रॅम भरलेलं एकच पाकीट घेऊन तक्रार केली तर ती टिकत नाही. निरीक्षक गठ्ठ्यातून नमुने काढतो आणि त्यांची सरासरी छापील वजनाएवढी किंवा जास्त भरते का बघतो. छापील किमतीवर स्टिकर चिकटवून जास्त पैसे घेतले असतील, तर मात्र एक पाकीट आणि बिल पुरतं.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन रंगवलेलं असतं, समजा १५.८. म्हणजे भरलेला ३० किलो भरायला हवा. १५० ग्रॅमपर्यंत फरक चालतो. पोचवणाऱ्याने काटा सोबत आणायचा असतो, तेव्हा सील तोडण्याआधी तोलायला सांगा. दुसऱ्या पट्टीवर पुन्हा तेच अक्षर आणि वर्ष दिसेल, इथे मात्र अर्थ उलटा. 'डी २६' म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंत पुढची सुरक्षा चाचणी व्हायलाच हवी. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करा. टोपी काढल्यावर व्हॉल्व्हमधली रबरी रिंग जागेवर आहे का बघा, कारण तिथून गळती होऊ शकते. गळती साबणाच्या पाण्याने तपासायची, काडीने कधीच नाही. वास आला तर बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि १९०६ वर कळवा.

फसवणुकीची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात करा. पंपाचा नोझल क्रमांक, वेळ, बिल, मुद्रेचा फोटो हे द्या. 'सगळे चोर आहेत' याचा पथकाला उपयोग नसतो. दुकानात आधी भांडण करू नका, नाहीतर पथक येईपर्यंत काटा दुरुस्त झालेला असतो. निरीक्षक अनेकदा साध्या वेशातला ग्राहक पाठवतो, खरेदी झाल्यावर ओळख सांगतो आणि तोच माल पंचांसमोर प्रमाणित काट्यावर तोलून पंचनामा करतो. तुमची पिशवीही याच कामी येऊ शकते. तिची गाठ सोडू नका आणि बिल तिलाच टाचून ठेवा.