वनस्पतींची सुगंधी तेले आणि जीवाणू : प्रयोगात या चुका टाळा

नागपुरातील पदव्युत्तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्पांत सुगंधी तेलांचा एखादा तरी विषय दरवर्षी असतोच, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. तेल सहज मिळते, कल्चर विभागातच असते, फिल्टर पेपरच्या डिस्क पंचिंग मशिनने कापता येतात आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर स्वच्छ गोल दिसला की छायाचित्रही काढता येते. असे प्रबंध तपासताना मला मात्र एकच प्रश्न वारंवार पडतो : या प्रयोगात तेल नेमके कोठे होते? जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक पाण्यात विरघळते आणि माध्यमात सारखे पसरते. सुगंधी तेल पाण्यात जेमतेम विरघळते, हवेत उडून जाते आणि प्लास्टिकमध्ये शिरते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या गुणधर्मांकडे काणाडोळा केल्यामुळे होतात.

झोन मोजून तेलांची क्रमवारी लावणे

म्युलर-हिंटन अगार या घट्ट माध्यमावर 6 मिलिमीटरची डिस्क ठेवून झोन, म्हणजे तिच्याभोवतीचा जीवाणू न वाढलेला गोल, मोजण्याची पद्धत प्रतिजैविकांसाठी घडवली गेली. त्यात अगारची जाडी 4 मिलिमीटर, इनॉक्युलम (पेरायचे जीवाणू) 0.5 मॅकफारलंड इतक्या गढूळपणाचे आणि तापमान 35 अंशांच्या आसपास, हे सगळे बांधलेले असते, कारण झोनचा आकार औषधाच्या विसरणावर अवलंबून असतो. तेलाचे तसे विसरण होतच नाही. त्याचा पाण्यात विरघळणारा थोडा भाग अगारमध्ये उतरतो, बाकीचा डिस्कवर बसून राहतो किंवा वाफ होऊन झाकणाखाली साचतो. त्यामुळे 22 मिलिमीटरचे तेल 14 मिलिमीटरच्या तेलापेक्षा अधिक प्रभावी आहे, हे विधान झोनवरून करता येत नाही. शेजारी ॲम्पिसिलिनची डिस्क ठेवून ‘आमचे तेल प्रतिजैविकापेक्षा सरस’ असे लिहिणे तर त्याहून वाईट, कारण त्या डिस्कवर 10 मायक्रोग्रॅम औषध असते आणि तेलाच्या डिस्कवर 10 मायक्रोलिटर, म्हणजे सुमारे हजारपट वजनाचा द्रव. झोन केवळ प्राथमिक चाळणीसाठी वापरावा आणि आकडा एमआयसीचाच, म्हणजे जीवाणूंची वाढ रोखणाऱ्या किमान प्रमाणाचाच, द्यावा.

एकाच प्लेटवर अनेक तेले लावणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती करणाऱ्याला आपण काटकसर केली असे वाटते.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातून आलेल्या प्रबंधात संत्र्याच्या सालीच्या तेलाची स्टॅफिलोकॉकस ऑरियसविरुद्धची एमआयसी ओव्याच्या तेलाइतकी कमी दाखवली होती. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असते आणि ते जीवाणूच्या पेशीपटलालाच इजा करते. संत्र्याच्या सालीच्या तेलात 90 टक्के किंवा त्याहून अधिक लिमोनीन असते, आणि ते या बाबतीत बरेच सौम्य आहे. दोघांचा आकडा सारखा यावा हे पटेना, म्हणून मी मूळ नोंदवही मागवली. 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) एकाच प्लेटवर वरच्या ओळींत ओवा, लगेच खाली संत्रे, त्याखाली गवती चहा, आणि वर साधे सैल झाकण, अशी मांडणी होती. ग्रोथ कंट्रोलचे वेल, म्हणजे ज्यांत तेल नाही पण जीवाणू आहेत असे वेल, ओव्याच्या सर्वांत तीव्र वेलना लागूनच होते, आणि तेही पाण्यासारखे नितळ राहिले होते. थायमॉलच्या वाफेने झाकणाखालून शेजाऱ्यांचा निकाल लावला होता, आणि प्लेट ते उघड सांगत होती. विद्यार्थ्याने मात्र ‘इनॉक्युलम खराब’ असा शेरा मारून आदल्या दिवशीच्या प्लेटवरचा कंट्रोल या तक्त्यात बसवला होता. प्रत्येक तेल वेगळ्या प्लेटवर लावायला सांगितल्यावर ओव्याचा आकडा जवळजवळ तसाच राहिला. संत्र्याचा इतका वर गेला की तपासलेल्या पल्ल्यात एमआयसी सापडलीच नाही.

माझा नियम सोपा आहे : एका प्लेटवर एकच तेल. तीव्र वेल आणि कंट्रोल यांच्यामध्ये निदान एक रिकामी उभी ओळ सोडावी आणि प्रत्येक वेल स्वतंत्रपणे बंद होईल अशी चिकट फिल्म लावावी, कारण झाकणाच्या कडेला पॅराफिल्म गुंडाळल्याने वाफ प्लेटबाहेर जात नाही इतकेच. आतल्या आत ती फिरतच राहते. अशी फिल्म लावल्यावर ऑक्सिजन कमी पडू शकतो, म्हणून स्यूडोमोनास एरुजिनोसासारख्या जीवाणूंसाठी कंट्रोललाही तीच फिल्म हवी. आणखी एक सवय मी लावून घेतली आहे : सर्वांत तीव्र वेलच्या अगदी शेजारी तेल नसलेला, पण जीवाणू असलेला एक वेल मुद्दाम ठेवतो. तो वाढला नाही तर त्या प्लेटचा एकही आकडा मी वापरत नाही. एकाच पेट्री प्लेटवर चार तेलांच्या चार डिस्क ठेवणाऱ्यांनाही हे सगळे लागू आहे, कारण झाकण सगळ्यांना सामाईकच असते.

हलवले म्हणजे मिसळले असे धरून चालणे

व्होर्टेक्सवर फिरवलेले तेल काही वेळ एकजीव दिसते आणि मग सावजी रश्श्यावरच्या तर्रीसारखे वर येते. लवंगेचे आणि दालचिनीचे तेल पाण्यापेक्षा जड असल्यामुळे खाली बसते. अशा नळीतून पिपेटने 100 मायक्रोलिटर उचलून पुढच्या वेलमध्ये टाकताना तेल उचलले की नुसता ब्रॉथ (द्रव माध्यम), हे कोणालाच ठाऊक नसते, आणि दुप्पट विरलीकरणाची अख्खी मालिका पहिल्याच वेलमध्ये कोसळते.

डीएमएसओ या द्रावकात तेल विरघळवून घेणे सोयीचे आहे, पण ब्रॉथमध्ये त्याचे अंतिम प्रमाण 1 टक्क्याच्या वर जाऊ देऊ नये आणि तेवढ्याच डीएमएसओचा कंट्रोल ठेवावा. तेल पाण्यात मिसळवण्यासाठी ट्वीन 80 वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की जंतुनाशकांच्या चाचणीत फिनॉलचा परिणाम थांबवण्यासाठी जे पदार्थ वापरतात त्यांत हेच ट्वीन 80 असते; ते सढळ हाताने ओतले की थायमॉल, कार्व्हाक्रॉल आणि युजेनॉल या फिनॉलवर्गीय घटकांची ताकद तुम्हीच कमी करून ठेवता. मी स्वतः 0.15 टक्के अगार असलेला ब्रॉथ पसंत करतो. तो किंचित दाट असल्यामुळे तेलाचे थेंब तरंगत ठेवतो आणि त्यात ट्वीनची भानगड नसते.

डीएमएसओतील तेल ब्रॉथमध्ये पडताच ब्रॉथ दुधाळ होतो, आणि 600 नॅनोमीटरवर गढूळपणा मोजणारे यंत्र त्या दुधाळपणालाही वाढच समजते. म्हणून तेलाच्या प्रत्येक प्रमाणासाठी जीवाणू नसलेला वेगळा ब्लँक हवा. पहिल्या स्तंभापुरता एकच ब्लँक ठेवून सगळ्या रीडिंगमधून वजा करणारे विद्यार्थी पुढे निष्कर्षात ‘जास्त प्रमाणात परिणाम कमी होतो’ असे काहीतरी गूढ लिहितात.

एककांचेही तसेच. टक्के आकारमानाने आहेत की मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, हे लिहिलेच पाहिजे. संत्र्याच्या तेलाची घनता 0.84 च्या आसपास आणि लवंगेच्या तेलाची 1.05 च्या आसपास असते, त्यामुळे दोन्हींचे 1 टक्का म्हणजे वजनाने सारखे तेल नव्हे.

एमआयसीच्या वरच्या प्रमाणात बायोफिल्म ‘रोखणे’

बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून बसलेला जीवाणूंचा थर, हा शब्द शीर्षकात आला की प्रबंधाचे वजन वाढते असा समज आहे. प्रत्यक्षात होते असे : तेलाची एमआयसी, समजा, 0.5 टक्के निघते, विद्यार्थी 0.5, 1 आणि 2 टक्के तेल घालून 24 तास ठेवतो, क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने रंगवतो आणि ‘90 टक्क्यांहून अधिक प्रतिबंध’ असा आलेख काढतो. जेथे जीवाणू वाढलेच नाहीत तेथे त्यांची बायोफिल्म झाली नाही, हा निष्कर्ष नव्हे, पुनरुक्ती आहे. बायोफिल्म बनण्याच्या क्रियेवरच तेलाचा परिणाम होतो असे म्हणायचे असेल तर एमआयसीच्या निम्मे, पाव आणि एक अष्टमांश प्रमाण वापरा, ब्रॉथ फेकण्यापूर्वी त्याच वेलमधील तरंगत्या जीवाणूंची वाढ मोजा आणि क्रिस्टल व्हायोलेटचे रीडिंग त्या वाढीच्या तुलनेत मांडा. कमी प्रमाणातील तेलाने बायोफिल्म वाढल्याचेही कधीकधी दिसते. ते लपवू नका.

आधीच तयार झालेल्या बायोफिल्मवर तेल घालणे हा वेगळा प्रयोग आहे आणि त्याचा आकडा वेगळा येतो. बहुशर्करा, प्रथिने आणि पेशींबाहेरील डीएनए यांच्या गाळात बसलेले जीवाणू तरंगत्या जीवाणूंपेक्षा दहापट ते हजारपट प्रमाणही सहन करू शकतात. येथे क्रिस्टल व्हायोलेट एकट्याच्या भरवशावर राहू नये, कारण तो मेलेल्या पेशी आणि गाळ यांनाही रंगवतो. सगळे जीवाणू मेले तरी रंग तसाच राहू शकतो. उलट बायोफिल्म पापुद्र्यासारखी सुटून धुण्याच्या पाण्याबरोबर गेली तर रंग नाहीसा होतो आणि जीवाणू मात्र त्या पाण्यात मजेत असतात. मी खरवडलेल्या थराची आणि धुण्याच्या पाण्याची, दोन्हींची कॉलनी मोजायला लावतो. मोजण्यापूर्वी नमुना पुरेसा विरल केला नाही तर सोबत आलेले तेल अगारवरही जीवाणूंना दाबून ठेवते आणि ‘सगळे मेले’ असे खोटेच दिसते.

धुणे हा तर घाईचा खरा आरसा आहे. नळाखाली प्लेट धरणारे हात मी पाहिले आहेत. सलाइन वेलच्या भिंतीवरून सोडावे, प्लेट टिश्यू पेपरवर हलकेच उलटावी, पूर्ण सुकू द्यावी आणि मगच 0.1 टक्के क्रिस्टल व्हायोलेट घालावे. 15 मिनिटांनी पुन्हा तितक्याच हळू धुऊन 33 टक्के ॲसेटिक आम्लात रंग उतरवावा.

संत्र्याचे तेल आणि पॉलिस्टायरीनची प्लेट

नागपुरात हे वेगळे सांगावे लागते, कारण येथे संत्र्याची साल प्रत्येकाच्या डोक्यात आधी येते. लिमोनीन पॉलिस्टायरीन विरघळवते. थर्माकोलच्या तुकड्यावर ताज्या सालीचा फवारा उडवला तरी खड्डे पडतात. थर्माकोल आणि 96 वेलची नेहमीची पारदर्शक प्लेट एकाच पदार्थाच्या आहेत. एका प्रकल्पात संत्र्याच्या तेलाने बायोफिल्म वाढते असा निष्कर्ष निघाला होता. प्लेट उजेडासमोर धरली तेव्हा तीव्र प्रमाणाच्या वेलचा तळ धुरकट दिसला, त्यावर केसाएवढ्या चिरांचे जाळे होते आणि नख फिरवले तर तो किंचित चिकट लागत होता. जांभळा रंग त्या चिरांत मुरला होता. ज्या वेलमध्ये जीवाणू घातलेच नव्हते तेही बायोफिल्मइतके गडद होते. दोष असा तळाशीच दिसत असताना रीडरच्या कागदावरचे आकडे थेट आलेखात गेले होते. लिमोनीनचे प्रमाण जास्त असलेल्या तेलांसाठी काचेच्या नळ्या किंवा काचेच्या कव्हरस्लिप वापरा आणि प्लेट यंत्रात घालण्यापूर्वी डोळ्यांनी पाहा.

काही छोट्या, पण महागात पडणाऱ्या गोष्टी

इतवारीतून आणलेल्या बाटलीवर ‘शुद्ध’ लिहिले म्हणजे ते शुद्ध ठरत नाही. एक थेंब फिल्टर पेपरवर टाकून पंख्याखाली ठेवा; निलगिरी किंवा संत्र्याचा थेंब उडून जायला हवा, तेलकट डाग उरला तर त्यात बहुधा खाद्यतेल मिसळले आहे. ही चाचणी जीसी-एमएसची, म्हणजे तेलातील घटक ओळखून मोजणाऱ्या यंत्राची, जागा घेत नाही. तुळशीचे तेल युजेनॉलप्रधान असू शकते किंवा लिनालूलप्रधानही, त्यामुळे घटकांची टक्केवारी न देता नुसते ‘तुळशीचे तेल’ लिहिलेला निष्कर्ष दुसऱ्या कोणाला पडताळता येत नाही.

बाटली गडद काचेची, भरलेली आणि 4 अंशांवर असावी. अर्धी रिकामी, खिडकीत ठेवलेली बाटली काही महिन्यांत लिमोनीनचे ऑक्सिडीभूत पदार्थ असलेले वेगळेच तेल होते.

जिवंत जीवाणू दाखवणारे रेझाझुरिन निळ्याचे गुलाबी होणे सुंदर दिसते, परंतु काही तेलांतील घटक अशा रंगद्रव्यांशी जीवाणूंशिवायही अभिक्रिया करतात. जीवाणू नसलेला कंट्रोल येथेही हवाच.

स्ट्रेनचा क्रमांक लिहा. चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहातून मागवलेले कल्चर आणि विभागाच्या फ्रिजमध्ये कोणीतरी कधीतरी ठेवलेले ‘ई. कोलाय’ एकसारखे नसतात.

एका प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, नव्या कल्चरने, नव्याने बनवलेल्या तेलाच्या द्रावणाने केलेले प्रयोगच स्वतंत्र मोजले जातात. याला वेळ लागतो, आणि नेमका तोच प्रकल्पाच्या शेवटी उरलेला नसतो.

एप्रिल-मेमध्ये प्रबंध उरकण्याची घाई येथे आणखी नडते, कारण साधा इनक्युबेटर फक्त गरम करतो, थंड करत नाही. खोली 42 अंशांवर असताना त्याच्या काट्याला 37 वर आणणे कोणाच्या हातात नाही, आणि बेंचशेजारी कूलर लावला तर उघड्या प्लेटवर बुरशी येते. संत्र्याच्या सालीवरच काम करायचे असेल तर आंबिया बहाराची फळे बाजारात असतात त्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच तेल काढून जीसी-एमएसला पाठवावे आणि एमआयसीच्या प्लेट जानेवारी संपण्यापूर्वी लावून घ्याव्यात.