सप्टेंबरातली धनुष्याची शिकार: आधी ओकखाली वाका

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात धनुष्यबाणाने शिकारीचा हंगाम १५ सप्टेंबरच्या सर्वांत जवळच्या शनिवारी उघडतो. (भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंदी आहे, हे तिथल्या परवानाधारकांसाठी.) १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आधी शिकारीचा कोर्स करावा लागतो. धनुष्याची ओढ (दोरी खेचायला लागणारा जोर) किमान ३० पौंड आणि बाणाचं पातं किमान ७/८ इंच रुंद हवं.

व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीची) हरणं कुठे भेटतील, हे ओकचं झाड सांगतं. ऑगस्टअखेर दुर्बिणीतून झाडांचे शेंडे बघा. व्हाइट ओकच्या पानाच्या कडा गोलसर, रेड ओकच्या टोकदार. व्हाइट ओकची फळं एकाच मोसमात पिकतात आणि कमी तुरट असतात, म्हणून हरणं ती आधी खातात. रेड ओकला दोन मोसम लागतात. फांदीवर दिसणारी गुंडीएवढी फळं पुढच्या वर्षाची. उत्तरेच्या शेवॉमेगन-निकोले जंगलात बहुतेक रेड ओकच. तोही फळला नसेल, तर तोडीनंतर फुटलेल्या कोवळ्या ॲस्पेन झाडांच्या कडा धरा.

मग झाडाखाली मूठभर फळं उचला. वरची वाटीसारखी टोपी घट्ट चिकटलेली किंवा बारीक भोक पडलेली बहुधा किडकी. पाण्यात टाका, तरंगली की बाद. चांगली फळं, ताजी फोडलेली टरफलं आणि ओल्या लेंड्या एकत्र सापडल्या, तर मचाण त्याच झाडाजवळ. ऑगस्टात सोयाबीनच्या शेतात दिसलेल्या नरावर भरवसा ठेवून लोक तिथेच बसतात आणि फसतात. फळं पडू लागली की हरणं शेत सोडून रानात शिरतात.

संध्याकाळी गार झालेली हवा उताराने खाली वाहते. चरणाऱ्या हरणांच्या वरच्या अंगाला बसलात, तर तुमचा वास थेट त्यांच्याकडे. उन्हं चढल्यावर उलट. मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस (आपल्या रुईचाच भाऊबंद) सोडून बघा. वारा नेमका कुठे वळतो ते दिसतं.

पानोळा दाट असतो, त्यामुळे १५-१८ फूट उंची पुरते. हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा पट्टा) जमिनीपासूनच बांधा. चढता-उतरतानाच जास्त माणसं पडतात. सरकारी जंगलात बाणाच्या वाटेसाठी फांद्या तोडू नका. म्हणजे नेम साधारण २० यार्डांच्या आतलाच.

हरीण आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तरच बाण सोडा. नेम नीट लागला तरी माग काढण्याआधी अर्धा तास थांबा. बाणावर हिरवट, घाण वासाचा मळ दिसला, तर पोटात लागलाय. ८ ते १२ तास थांबावं लागतं आणि सप्टेंबरच्या उकाड्यात तेवढ्यात मांस नासतं. म्हणून शंका असेल तेव्हा बाण सोडूच नका. हरीण मिळताच आतडी काढा, पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरा आणि मांस ४ अंश सेल्सियसच्या खाली आणा.

मिळालेल्या हरणाची नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत. २००२ पासून तिथल्या हरणांत सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा मेंदूचा रोग आढळतो. तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच राहू द्या.