पटाशी हातात घेण्याआधी

आधी लाकडाचा तुकडा क्लॅम्पने बाकाला आवळा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मागच्या वेळी मी पटाशीला झकास धार लावली, चष्मा घातला, रेघा आखल्या आणि मग "दोन मिनिटांचं तर काम" म्हणत लाकूड डाव्या हाताने धरून उजव्या हाताने पटाशी रेटली. ती गाठीपाशी अडली. मी जोर वाढवला, ती सुटली आणि थेट डाव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसली. चार टाके पडले. बाकावर क्लॅम्प लटकत होता, हातभर अंतरावर.

तर यादी. चष्मा, बंद बूट, बरा उजेड. यावर बोलत बसत नाही.

धार मात्र नीट बघा. बोथट पटाशीला जोर लागतो, आणि जोरात चाललेलं पातं सुटलं की आवरत नाही. साध्या कामाला धारेचा उतार 25 ते 30 अंश पुरतो. हाताने बारीक तासायचं असेल तर कमी, ठोकून खाच पाडायची असेल तर जास्त. पात्याची पाठ, म्हणजे उताराच्या उलटी बाजू, सपाट हवी. ती सपाट नसेल तर उतार कितीही घासा, धार येत नाही. उतार घासून झाला की पाठीकडे नखाला अडकणारी बारीक कोर येते. पाठ दगडावर पूर्ण टेकवून ती काढा. मग मऊ लाकडाच्या टोकाकडून, जिथे रेषा तुटलेल्या दिसतात तिथून, पातळ काप काढून बघा. पृष्ठभाग न चुरगळता गुळगुळीत आला म्हणजे झालं. अंगठ्यावर धार बघू नका. जुने सुतार बघतात, हो. तुम्ही आम्ही जुने सुतार नाही.

मूठ ढिली किंवा चिरलेली असेल तर ती पटाशी बाजूला ठेवा. लाकडी मुठीवर लोखंडी हातोडा चालवला की ती फाटते. लाकडी हातोडा घ्या. धातू किंवा दगडाची छिन्नी असेल तर तिचं डोकं बघा. ठोकून ठोकून कडा छत्रीसारख्या पसरल्या असतील तर घासून टाका, नाहीतर त्यांच्याच कपच्या तोंडावर उडतात.

तुकडा आवळलात? एकाच क्लॅम्पवर तो गोल फिरतो, म्हणून दोन लावा, किंवा मागे आडवी पट्टी ठोका. मग दोन्ही हातांनी ढकलून बघा. हलला तर पुन्हा आवळा. "तुकडा फार छोटा आहे, क्लॅम्प बसत नाही" हे मला सांगू नका. मीही स्वतःला हेच सांगितलं होतं. छोटा तुकडा मोठ्या लाकडापासून वेगळा करण्याआधीच खाच पाडून घ्यायची आणि मग कापायचा. हे मला टाके पडल्यावर सुचलं.

तुकडा आवळलेला असला की दोन्ही हात मोकळे राहतात: एक मुठीवर, दुसरा पात्यावर लगामासारखा. दोन्ही धारेच्या मागे. पुढे काहीही नको, बोट नको, मांडी नको, वाकून बघणारं पोर नको.

लाकडाच्या रेषांच्या कलाने तासा. पातं खोल घुसायला लागलं तर उलट दिशेने या. रेघेपासून मिलिमीटरभर आत सुरुवात करा, रेघेवर शेवटी जा. पातळ पातळ काढा. आरपार भोक असेल तर अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने, नाहीतर मागची बाजू फुटते. आणि दुसऱ्या बाजूसाठी तुकडा उलटलात ना, तर पुन्हा आवळा. पहिल्या बाजूला क्लॅम्प लावणारी शहाणी माणसंही इथे "आता थोडंच राहिलंय" म्हणतात.

पटाशी हातातून निसटली तर झेलू नका, पाय मागे घ्या. धार बाकाबाहेर डोकावत ठेवू नका. रंगाचे डबे उघडायला तिचा वापर नको. भुसा ब्रशने झाडा. हात दमला की थांबा. शेवटी पुसा, तेलाचं बोट फिरवा, धारेवर टोपी घाला.

आणि क्लॅम्प सोडण्याआधी पटाशी खाली ठेवा.