कर्नलला हात न लावता स्वतःची फाइलसिस्टीम

फाइलसिस्टीम लिहायची म्हटलं की लोक लगेच घाबरतात, पण लिनक्समध्ये २.६.१४ पासून, म्हणजे २००५ पासून फ्यूज (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर फाइलसिस्टीम चालवायची सोय) आहे, त्यामुळे आपला कोड साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो आणि क्रॅश झाला तरी अख्खं मशीन झोपत नाही.

सी येत असेल तर लिबफ्यूज ३ ही फ्यूजची लायब्ररी घ्या. हेडर इन्क्लूड करायच्या आधी फ्यूज यूज व्हर्जन (FUSE_USE_VERSION) डिफाइन करा, ३१ चालेल. सुरुवातीला तीनच फंक्शनं पुरतात: गेटॲटर (फाइलची माहिती), रीडडिर (फोल्डरमधली यादी), रीड (फाइलमधला मजकूर).

सगळ्यात जास्त डोकं गेटॲटर खातं. कर्नल प्रत्येक पाथसाठी आधी हेच विचारतो, तेव्हा रूटला डिरेक्टरीचा मोड द्या, फाइलला रेग्युलरचा, आणि पाथ माहीत नसेल तर ईनोएंट ('अशी फाइल नाही' हा एरर कोड) मायनस लावून परत करा, मायनस विसरलात तर बसा शोधत. साइझ पण खरी द्या हं! शून्य दिली तर रीड बरोबर लिहूनही कॅट (फाइल दाखवणारी कमांड) काहीच दाखवत नाही, माझी एक संध्याकाळ यातच गेली. साइझ आधी कळणारच नसेल तर ओपन फंक्शनमध्ये डायरेक्ट आयओ ऑन करा, म्हणजे कर्नल साइझवर विसंबत नाही.

रीडमध्ये ऑफसेट (कुठल्या बाइटपासून वाचायचं) बघा, फाइल संपली की शून्य परत करा.

चालवताना मायनस डी द्या, प्रत्येक कॉल समोर दिसतो. शिवाय मायनस एस द्या, नाहीतर मल्टिथ्रेडेड चालतं, म्हणजे अनेक कॉल एकाच वेळी येतात, आणि लॉक नसतील तर गंमतच. प्रोग्रॅम मेला आणि फोल्डर 'ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट' म्हणून रडायला लागला तर अडकलेलं माउंट काढायला त्या फोल्डरवर फ्यूजरमाउंट३ मायनस यू मारा.